सीमेपलीकडून शिकताना : हवामान कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची प्रस्तावना

२०१५ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला जागतिक हवामान परिषद भरली. मंत्री, शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते यांच्या त्या गर्दीत बंगळुरूचा एक कचरावेचकही होता. आपल्या शहरात तो सुक्या कचऱ्याचे संकलन केंद्र चालवत होता. कचरा वेचणारे हात हवामान राखण्याच्या कामात आधीपासूनच गुंतलेले आहेत, तेव्हा धोरण ठरवताना त्यांनाही विचारले पाहिजे, ही बाजू मांडायला तो गेला होता. एखाद्या दिवसाच्या शिबिरातून हे बळ येत नाही. त्याच्यामागे वीस वर्षांहून अधिक काळाचे शिकणे-शिकवणे होते आणि त्या शिकण्याची सुरुवात पुण्यात झाली होती.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने पुण्याच्या कचरावेचक बायकांपर्यंत पोचल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने या बायकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पंचायतीने पहिल्यांदा काय केले, हे नीट पाहण्यासारखे आहे. तिने बायकांची नोंदणी केली, त्यांना ओळखपत्रे दिली आणि महापालिकेला त्या ओळखपत्रांची दखल घ्यायला लावली. त्यांच्या वेचण्यामुळे किती माल पुन्हा वापरात येतो आणि पालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला. त्या हिशेबाच्या जोरावर पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम तिने पालिकेशी करार करून घेतले.

पंचायतीच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेल्या नलिनी शेखर पुढे बंगळुरूत गेल्या आणि ‘हसिरु दळ’ या संघटनेच्या उभारणीत पुढे राहिल्या. बंगळुरूतही नोंदणी झाली, लोकअदालतीच्या निर्देशानंतर पालिकेची ओळखपत्रे मिळाली, कचऱ्याचे वजन आणि हिशेब सुरू झाले. मात्र ‘स्वच्छ’ची नक्कल तिथे झाली नाही. बंगळुरूची गरज वेगळी होती. मावळ्ळीपुरा गावाजवळचा कचरा डेपो गावकऱ्यांच्या विरोधामुळे २०१२ मध्ये बंद झाला होता आणि कचरा घरातच वेगळा करण्याचा आग्रह उच्च न्यायालयाने धरला होता. त्यामुळे तिथे प्रभागाप्रभागात सुक्या कचऱ्याची केंद्रे उभी राहिली आणि त्यांतली अनेक कचरावेचकांनीच चालवायला घेतली. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध दिलेला लढा ज्यांना आठवतो, त्यांना मावळ्ळीपुऱ्याची गोष्ट ओळखीची वाटेल. ओला कचरा डेपोच्या ढिगाखाली हवेविना कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. कचरा दारात वेगळा करणारी बाई हवामानाचे काम करते ते या अर्थाने.

हवामान कार्यकर्त्यांच्या सीमापार प्रशिक्षणाचे जाळे या विषयाकडे मी अशा उदाहरणांतून पाहतो. हा विषय नव्याने अभ्यासणाऱ्या आणि त्यात प्रत्यक्ष काम करू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तिचे सूत्र सुरुवातीलाच सांगून टाकतो : पद्धत सीमा ओलांडते, उत्तर मात्र ज्या त्या गावाचेच असते. जे जाळे पद्धत पुरवते आणि उत्तर शोधायला मोकळीक देते, ते टिकते. जे जाळे तयार उत्तरे वाटते, त्यातून शिबिरांची छायाचित्रे तेवढी उरतात.

सीमा म्हणताना इथे केवळ देशांच्या सीमा अभिप्रेत नाहीत. राज्याची सीमा असते, भाषेची असते, शहर आणि खेडे यांच्यात असते. प्रयोगशाळेत पाऊस मोजणारा आणि त्या पावसावर पेरणी करणारा यांच्यातही असते. हवेला यांतली एकही सीमा माहीत नाही, पण माणसाचे काम मात्र या प्रत्येक सीमेशी अडते. म्हणून ती ओलांडायची कशी, हे शिकावे लागते.

या विद्येचा एक जुना धागा नागपुरातून जातो. कोरियाच्या युद्धकाळात लष्करी सेवेला नकार देऊन तुरुंगवास भोगलेला जेम्स लॉसन हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तीन वर्षे तो तिथे राहिला आणि गांधींच्या सत्याग्रहाचा त्याने जवळून अभ्यास केला. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांच्या बस बहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहाने तो अमेरिकेच्या दक्षिणेत गेला आणि नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागला. त्या कार्यशाळांत विद्यार्थी एकमेकांना शिव्या देत, ढकलत, अपमान करत आणि हात न उगारता तो सहन करण्याचा सराव करत. १९६० च्या फेब्रुवारीत हेच विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले आणि मार खाऊनही उठले नाहीत. लॉसनने चंपारण किंवा दांडी अमेरिकेत जशीच्या तशी नेली नाही. त्याने नेली ती तयारीची शिस्त. मीठ उचलायचे की उपाहारगृहात बसायचे, हे नॅशव्हिलच्या मुलामुलींनी आपल्या परिस्थितीवरून ठरवले.

दुसरा धागा मुंबईचा आहे. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी १९८० च्या दशकात ‘स्पार्क’ या संस्थेच्या साथीने स्वतःची गणना स्वतः केली. सरकारी कागदांत नसलेली माणसे त्या गणनेने कागदावर आली. पुढे ‘महिला मिलन’ झाले. रोजची चार-दोन रुपयांची बचत, वस्तीची मोजणी आणि आपल्याला हव्या असलेल्या घराची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून पाहणे, ही या बायकांची शाळा होती. १९९१ पासून दक्षिण आफ्रिकेतील झोपडवस्त्यांतले लोक आणि मुंबईचे हे लोक एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले. आफ्रिकेतल्या बायकांनी तीच मोजणी आणि तीच बचत आपल्या वस्त्यांत सुरू केली. १९९६ मध्ये यातून झोपडवस्तीवासीयांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज पूर, उष्णतेच्या लाटा आणि समुद्राची वाढती पातळी यांचा पहिला फटका अशाच वस्त्यांना बसतो. कोणत्या घरात पाणी कितपत चढते, याची घरोघरची माहिती वस्तीच्याच हातात असणे हे हवामानाच्या लढ्यातले मोठे शस्त्र आहे. ते शस्त्र घडवण्याची रीत भायखळ्याच्या बायकांनी परदेशी पाहुण्यांना पदपथावर बसून शिकवली, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे.

या दोन्ही कथांत शिकवणारा तोच होता, ज्याने ते काम स्वतः केले होते किंवा त्यासाठी किंमत मोजली होती. शिकणारा त्याच्या कामाच्या जागी गेला, राहिला, त्याने पाहिले आणि परत जाऊन करून बघितले. प्रशिक्षणाचे दुसरे प्रारूपही जगात आहे. त्यात निवडक तरुणांना एका ठिकाणी बोलावतात, काही दिवस एकत्र ठेवतात आणि मग आपापल्या देशांत पाठवतात. ‘३५०’ या संघटनेने २०१३ मध्ये इस्तंबूलला शंभराहून अधिक देशांतल्या तरुणांना असेच एकत्र आणले होते. अशा मेळाव्यांतून उत्साह मिळतो, ओळखी होतात, आपण एकटे नाही हे कळते. याचे मोल कमी नाही. पण त्यानंतरची वर्षे कोणाच्या सोबतीने काढायची, या प्रश्नाला मेळाव्याकडे उत्तर नसते. ते जाळ्याने द्यायचे असते.

अशा जाळ्यासाठी बंगळुरू हे विशेष महत्त्वाचे ठिकाण आहे. विज्ञान, कामगार चळवळ, शेतकरी चळवळ आणि अनेक भाषा एकाच शहराच्या आसपास नांदतात, हे त्याचे पहिले कारण. या शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत १९७० च्या दशकात हार्वर्डहून परतलेले एक मराठी दांपत्य काम करू लागले : माधव गाडगीळ आणि सुलोचना गाडगीळ. माधवरावांनी तिथे परिसरविज्ञान केंद्र उभारले. कर्नाटकातला बांबू कागद गिरण्यांना पुरेनासा झाला, तेव्हा त्याचा अभ्यास त्यांच्याकडे आला. दोष गावकऱ्यांच्या गुरांचा, असे म्हटले जात होते. गावकरी सांगत होते की बांबूच्या बेटांभोवतीचे काटेरी आवरण साफ केल्यामुळे कोवळे कोंब उघडे पडतात आणि खाल्ले जातात. प्रत्यक्ष मोजणी केल्यावर गावकऱ्यांचे निरीक्षण बरोबर निघाले. लोकांना परिसराचे ज्ञान असते आणि ते पद्धतशीर नोंदवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढे लोक जैवविविधता नोंदवह्यांच्या रूपाने २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीत आला. सुलोचनाबाई मान्सूनच्या जाणकार. कर्नाटकातील पावगडा आणि शेजारच्या आंध्रातील अनंतपूर या कोरडवाहू भुईमुगाच्या पट्ट्यात पेरणीची वेळ आणि पावसाची लहर यांचा संबंध त्यांनी शेतकऱ्यांच्या अनुभवाची सांगड घालून अभ्यासला. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याला प्रश्न विचारायचा आणि शेतकऱ्याने शास्त्रज्ञाला, ही सवय या कामांनी लावली. हवामान कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणात तिच्याइतकी मोलाची दुसरी सवय क्वचितच सापडेल.

दुसरे कारण म्हणजे बंगळुरू स्वतःच अडचणीत आलेले शहर आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तेही चढावर उचलून आणावे लागते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शहराचा पूर्व भाग पाण्याखाली गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात टँकरसाठी रांगा लागल्या. तळी बुजवून आणि त्यांना जोडणारे नाले अडवून वाढलेल्या वस्तीला पूर आणि टंचाई ही दोन्ही एकाच कारणाची फळे म्हणून भोगावी लागली. याच शहरात नागरिकांनी कैकोंड्रहळ्ळीसारखी तळी पुन्हा जिवंत केली, २०१६ मध्ये मानवी साखळी करून पोलादी उड्डाणपुलाला विरोध केला आणि पुढच्या वर्षी तो प्रकल्प सरकारला सोडून द्यावा लागला. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आणि बंगळुरूने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपापला हवामान कृती आराखडा जाहीर केला. हे दोन आराखडे शेजारी ठेवून वाचणे आणि प्रत्येक कलमापुढे आपल्या प्रभागात काय झाले ते लिहिणे, हा या क्षेत्रात येणाऱ्या कोणत्याही तरुणासाठी उत्तम पहिला स्वाध्याय आहे.

तिसरे कारण शेतकऱ्यांचे. ऑक्टोबर १९९३ मध्ये जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध लाखो शेतकरी बंगळुरूत जमले होते. प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांची कर्नाटक राज्य रयत संघ ही संघटना ‘ला विया कँपेसिना’ या शेतकऱ्यांच्या जागतिक आघाडीशी जोडलेली. २००० नंतरच्या वर्षांत या संघटनेने अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांची शिबिरे कर्नाटकात भरवली. जीवामृत, बीजामृत, आच्छादन, वाफसा हे विदर्भातल्या शेतात घडलेले तंत्र कन्नड शेतकऱ्यांनी आपल्या नाचणीच्या आणि नारळाच्या शेतात करून पाहिले. पुढे चामराजनगर जिल्ह्यात ‘अमृतभूमी’ हे केंद्र उभे राहिले आणि दक्षिण आशियातील शेतकरी तिथे एकमेकांकडून शेती शिकू लागले. पाळेकरांच्या पद्धतीच्या उत्पादकतेबद्दल कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि चांगल्या प्रशिक्षणात ते झाकून ठेवायचे नसतात. उलट, आपल्या शेताच्या एका तुकड्यावर पद्धत वापरायची, दुसऱ्यावर नाही, दोन्हींची नोंद ठेवायची आणि मग बोलायचे, हे शिकवणे जाळ्याचे काम आहे. मध्य अमेरिका आणि क्युबा इथल्या शेतकऱ्यांनी ‘शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ ही रीत याच पायावर वाढवली.

आता आपल्या अगदी दारातल्या सीमेकडे येऊ. सह्याद्री सहा राज्यांतून जातो. नोव्हेंबर १९८७ मध्ये दोन तुकड्या त्याच्या दोन टोकांवरून चालू लागल्या, एक खानदेशातल्या नवापूरहून आणि दुसरी कन्याकुमारीहून. फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात फोंड्याजवळ रामनाथीला त्या एकमेकींना भेटल्या. जगदीश गोडबोले आणि कलानंद मणी यांच्यासारख्यांनी जुळवून आणलेली ही पश्चिम घाट बचाव पदयात्रा मला आपल्याकडच्या सीमापार प्रशिक्षणाचा सर्वांत समृद्ध नमुना वाटते. चालणाऱ्यांना वाटेत धरणाने उठलेली गावे भेटली, खाणींनी पोखरलेले डोंगर भेटले, तोडलेली आणि राखलेली जंगले भेटली. उत्तर कन्नड जिल्ह्यात १९८३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध ‘अप्पिको’ चळवळ सुरू झाली होती आणि पांडुरंग हेगडे यांनी तिची प्रेरणा हिमालयातल्या ‘चिपको’तून घेतली होती. सह्याद्रीच्या कार्यकर्त्यांना अशा लढ्यांची ओळख पुस्तकांऐवजी मुक्कामाच्या गावी झाली. घाट एक आहे आणि त्याचे दुखणेही एक आहे, ही जाणीव या पिढीला पायी मिळाली. पश्चिम घाटाविषयीच्या २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालावर पुढे गावोगाव चर्चा झाली, तिला अशा कार्यकर्त्यांची आधीची मेहनत उपयोगी पडली.

पण घाट एक असला तरी कारभार एक नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात महाराष्ट्र आणि गोव्याची प्रकरणे पुण्याच्या खंडपीठापुढे चालतात, तर कर्नाटकाची चेन्नईला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या कार्यकर्त्याला म्हणूनच पलीकडच्या डोंगरावरच्या कार्यकर्त्यापेक्षा वेगळ्या शहरी जावे लागते. त्याच तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादई नदीकडे वाहतो. त्या पाण्यावरून तीन राज्ये भांडली. पाणी लवादाच्या २०१८ च्या निवाड्याने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले, तरी भांडण संपले नाही. गोव्यातला कार्यकर्ता म्हादईच्या जंगलासाठी झगडतो आणि कर्नाटकातल्या नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी कोरड्या शेतासाठी उपोषणाला बसतो. दोघांचेही दुःख खरे आहे. कृष्णेचे तसेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली आणि कोल्हापूर बुडाले, तसे बेळगाव आणि बागलकोटही बुडाले. अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या कर्नाटकाच्या बेताने सांगलीकरांच्या पोटात गोळा येतो, तर धरणाच्या पलीकडचा शेतकरी त्याच उंचीकडे सिंचनाची आशा म्हणून पाहतो. महापुराच्या कारणांचा नंदकुमार वडनेरे समितीने अभ्यास केला, तरी वाद शमलेला नाही.

इथे जाळ्याची खरी परीक्षा आहे. सांगलीचा आणि बागलकोटचा कार्यकर्ता एका खोलीत बसून कोयनेपासून अलमट्टीपर्यंतच्या पाणीपातळीच्या त्याच नोंदी वाचतात का? विसर्गाचे आकडे एकमेकांना वेळेवर कळवायची सोय दोघे मिळून मागतात का? मागण्या वेगळ्या राहतील, राहोत. पाऊस अधिक लहरी होत चालला आहे आणि थोड्या दिवसांत खूप पडू लागला आहे, हे दोघांनाही सारखेच भोवणार आहे. आकडे एकच असले तर भांडणही सभ्य आणि उपयोगी होते.

मग अशा जाळ्यात शिकवायचे काय? सर्वप्रथम मोजणे : पाऊस, विहिरीची पातळी, घरातले तापमान, कचऱ्याचे वजन. मग वाचणे : हवामान खात्याचा इशारा, प्रकल्पाचा पर्यावरणीय अहवाल, ग्रामपंचायतीचा ठराव. मग कायदा वापरणे. माहितीचा अधिकार, वनहक्क कायदा आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे होणारी पर्यावरणीय जनसुनावणी ही साधने सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर सारखीच लागू आहेत. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो, एवढे माहीत असलेल्या गावाने सुनावणी लढवायची रीत वेगळी असते. चौथी गोष्ट म्हणजे लोकांना एकत्र ठेवणे : बैठक कशी घ्यायची, मतभेद कसे मिटवायचे, थकलेल्या सहकाऱ्याला विश्रांती कशी द्यायची. ही चौथी विद्या पुस्तकातून सर्वांत कमी मिळते आणि तिच्याविना उरलेल्या तिन्ही फार दिवस टिकत नाहीत.

या कामातल्या अडचणी लपवून नवीन माणसाला बोलावणे योग्य नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळुरूची हवामान कार्यकर्ती दिशा रवी हिला दिल्ली पोलिसांनी अटक केली. शेतकरी आंदोलनासंबंधीच्या एका सामायिक दस्तावेजाच्या संपादनावरून तिच्यावर राजद्रोहाचे कलम लावले होते. दहा दिवसांनी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने तिला जामीन दिला. निरुपद्रवी दस्तावेज तयार करणे हा गुन्हा ठरत नाही आणि संवादाला भौगोलिक कुंपण घालता येत नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. या क्षेत्रात येणाऱ्याने तो आदेश मुळातून वाचावा. सीमेपलीकडच्या माणसाशी बोलण्याचा आपला हक्क किती आहे, हे त्यातून समजते. आपला प्रत्येक कागद सत्य, शांततामय आणि उघडपणे दाखवता येण्याजोगा असला पाहिजे, हेही समजते.

दुसरी अडचण पैशाची. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने परदेशातून निधी आणायचा आणि लहान गटांना वाटायचा, ही जुनी रचना त्यामुळे मोडली. यापुढची जाळी गावातल्या वर्गणीवर, एकमेकांच्या घरच्या मुक्कामावर आणि एसटीच्या तिकिटावर उभारावी लागतील. मला हे संकट पूर्णपणे वाईट वाटत नाही. पश्चिम घाटाच्या पदयात्रेला वाटेवरच्या गावांनीच जेवू-खाऊ घातले होते.

तिसरी अडचण विषमतेची आहे आणि ती आपल्याच हातून होते. प्रशिक्षणाला इंग्रजी येणारा, सुट्टी मिळणारा, पासपोर्ट असलेला तरुण सहज पोचतो. कचरा वेचणाऱ्या बाईची एक दिवसाची रोजी बुडते, शेतमजुराची कापणी चुकते, लहान मूल असलेल्या आईला मागे कोणी नसते. बुडालेली रोजी भरून देणे, मुलांची सोय करणे आणि चांगल्या दुभाष्याला मानधन देणे हे जाळ्याच्या अंदाजपत्रकातले पहिले तीन खर्च असले पाहिजेत. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारी हजारो माणसे बेळगाव, विजयपूर, सोलापूर आणि सांगलीच्या पट्ट्यात आहेत. भाषेच्या वादात त्यांची फरफट फार झाली. या कामात त्यांच्याइतके उपयोगी कोणी नाही, आणि हा मान त्यांना मिळायला हवा.

अभ्यासकांना या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. पुणे-बंगळुरू कचरावेचकांच्या देवाणघेवाणीचा सविस्तर इतिहास मराठीत लिहायला हवा. पदयात्रेत चाललेल्यांच्या आठवणी, ते सांगायला आहेत तोवर, नोंदवायला हव्यात. भायखळ्याच्या बायकांनी आफ्रिकेत काय शिकवले आणि तिथून काय आणले, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवे. कोणती पद्धत नव्या जागी रुजली, कोणती कोमेजली आणि का, याचा प्रामाणिक लेखाजोखा झाला तर पुढच्या पिढीची निम्मी वाट सोपी होईल. हे सगळे साहित्य इंग्रजीत थोडेफार सापडते. मराठीत आणि कन्नडमध्ये ते येईपर्यंत ज्यांनी ते घडवले, त्यांच्याच हाती ते पोचणार नाही.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. या विषयात येण्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही. आपल्या तालुक्यातला पर्जन्यमापक कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या नोंदी मागा. आपल्या नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, राज्याची हद्द ओलांडून, काम करणारा एक गट शोधा. त्यांच्याकडे जा, चार दिवस राहा, त्यांची भाषा निदान ऐकून समजण्याइतकी शिका. परत आल्यावर जे शिकलात ते मराठीत लिहून काढा आणि आपल्या गावात करून पाहा. मग त्यांना आपल्याकडे बोलवा. जाळे असे दोन गावांपासून विणले जाते, आणि त्याची पहिली गाठ तुम्हीच मारायची आहे.